काकूकडून येत नाही

"पियो भाई, और पियो. शरमाने का नहीं."

"मौसी, चार गिलास हो गया."

"चार गिलास में तो बकरी का भी काम नहीं होता. पियो."

बाकावरच्या पॉवरलूमवाल्यानं डोळे मिटून पाचवा ग्लास घशाखाली ढकलला. त्याच्या शेजारच्या दोन बायका पदरात तोंड घालून हसल्या. मंदामावशीनं जग खाली ठेवला आणि त्या बायकांकडे वळली. "हसताय काय? तुमचा नंबर याच्यानंतरच आहे. लागली का?"

"थोडी थोडी."

"थोडी चालत नाही. दोन पायांवर धड उभं राहवेना, तेव्हा मला सांगायचं."

भिवंडीतल्या त्या सोनोग्राफी सेंटरमध्ये मंदामावशीची ड्युटी हीच. पेशंटला पाणी पाजायचं, लघवी दाबून बसवायचं, आणि चेहरा बघून ठरवायचं की हा आता आत पाठवण्याइतका भरला. अकरा वर्षांत तिचा अंदाज क्वचितच चुकला होता. पहिल्या मजल्यावरची जागा. मागच्या गल्लीतल्या लूमचा खडखडाट दिवसभर फरशीतून तळपायात चढायचा, आणि तोच खडखडाट भरल्या पोटाच्या माणसाला आणखी कासावीस करायचा. "मशीन बंद करवाओ मौसी," असं रोज एक तरी माणूस म्हणायचा.

मावशी शिकलेली सातवी. पण डॉक्टरांच्या आवाजावरून तिला निदान कळायचं. डॉक्टर केसरीनाथ म्हात्रे, अंजूरचे, बोलघेवडा माणूस. पोटावर मशीन फिरवताना ते जमिनीचे भाव, क्रिकेट, खाडीत हल्ली मासा का मिळत नाही, असं काहीबाही बोलत राहिले तर पेशंट ठीक. "काम भट्टीवर करता का? पाणी कमी पिता?" असं विचारलं तर मूतखडा. म्हाताऱ्याला "रात्रीतून किती वेळा उठता, बाबा?" विचारलं तर प्रोस्टेटनं वाट अडवलेली, लघवी तुंबून किडनीपर्यंत चढलेली. आणि डॉक्टर मधेच थांबून नुसतं "हं" म्हणाले, मग म्हणाले "घरात आणखी कुणाला असं होतं का?", तर मावशी बाहेर येऊन त्या पेशंटच्या नातेवाइकाला बसायला खुर्ची द्यायची. आधीच.

दोन हजार सातच्या फेब्रुवारीत सेंटरला नवं मशीन आलं. पुण्याहून एक इंजिनीअर ते लावून द्यायला आला. वायरी जोडून झाल्या, तसा तो हात चोळत म्हणाला, "आता कुणीतरी झोपा. सेटिंग करून दाखवतो सरांना."

काउंटरवरची भाविका दोन पावलं मागे सरली. "मी नाही बाई. मला गुदगुल्या होतात."

"मावशी, तुम्ही."

"माझ्या पोटात काय बघणार? सकाळचा चहा नि बटर."

"तेच बघू. बटर कुठवर पोचलंय."

मावशी खिदळतच टेबलावर आडवी झाली. अकरा वर्षं तिनं या टेबलावरची चादर बदलली होती, पाठ टेकली नव्हती. छताला एक ओलीचा डाग होता. इतक्या माणसांनी तो डाग पाहिला असेल आणि कुणीच आपल्याला सांगितलं नाही, याचं तिला नवल वाटलं. जेल गार होतं. "लोक अंग का चोरतात ते आत्ता कळलं," ती म्हणाली आणि भाविका हसली.

इंजिनीअर बटणं फिरवत होता. डॉक्टर बाजूला उभे राहून त्याला सांगत होते, "माझ्या भावानं अंजूरची शेती गोडाऊनला दिली. मी म्हटलं, अरे, पावसाचं पाणी जायचं कुठून? तो म्हणतो..."

"सर," इंजिनीअर म्हणाला, "हे स्क्रीनमध्ये बसत नाहीये. डेप्थ वाढवू का? माझंच सेटिंग चुकलं वाटतं."

डॉक्टरांचा भाऊ काय म्हणतो ते राहूनच गेलं. त्यांनी इंजिनीअरच्या हातातून प्रोब घेतला. मावशीच्या उजव्या कुशीवर फिरवला, डाव्या कुशीवर फिरवला, पुन्हा उजव्या.

"हं," ते म्हणाले.

मावशीचं हसू गालावर तसंच राहिलं. "साहेब, गप का झालात?"

"पाणी प्यायलात का आज?"

"पाजता पाजता दोन ग्लास पिते मीपण. लघवी दाबून ठेवली की किडनी फुगते, तुम्हीच सांगता ना सगळ्यांना? तेच असंल."

"फुगते थोडी. जाऊन या. परत बघू."

ती जाऊन आली. पुन्हा झोपली. कुणी तिची थट्टा केली नाही, तेव्हाच तिला कळलं.

"खडा असंल, साहेब."

"खड्यानं बहुतेक एका बाजूची फुगते. तुमच्या दोन्ही मोठ्या आहेत."

"मग साखर? साखरेनं होते ना मोठी?"

"साखरेनं वाढते, पण एवढी नाही. अशीही नाही." डॉक्टरांनी स्क्रीन तिच्याकडे वळवला. "मावशी, हे काळे काळे गोल दिसतात? पाण्यानं भरलेल्या गाठी आहेत. दोन्हीकडे. किडनी असायला हवी दहा-अकरा सेंटिमीटर. ही सतरा, ती अठरा."

मावशी बघत राहिली. लहान-मोठ्या, एकीला एक चिकटून बसलेल्या. बाजारात मासा कापला की आत अंड्यांची गाबोळी निघते, तशा. ती एवढंच म्हणाली, "हे सगळं माझ्यात?"

"आई कशानं गेली तुमची?"

"पोटात गोळा होता म्हणायचे. शेवटी अंगभर पाणी भरलं. कायम डोकं धरलेलं, कपाळाला फडकं बांधलेलं."

"वय?"

"पन्नाशी नसंल गाठली."

डॉक्टरांनी स्टूल ओढलं आणि खाली बसले. पेशंटसमोर ते कधी बसत नसत. "हा आजार घरातून येतो, मावशी. बहुतेक आईकडून आला तुम्हाला. लगेच काही होत नाही. ब्लडप्रेशर सांभाळायचं, रक्त तपासायचं, ठाण्याच्या किडनीच्या डॉक्टरांना चिठ्ठी देतो. पण हा पुढच्या पिढीत उतरतो. प्रत्येक मुलामागे छापा-काटा. तुम्हाला मूलबाळ?"

"होतं. तीन महिन्यांचं गेलं."

"मग एक काळजी कमी," डॉक्टर म्हणाले, आणि तिच्या पोटावरचं जेल स्वतःच्या हातानं पुसलं.

मंदाचं मूल गेलं नव्हतं. तिच्या सासरच्या गावी, दापोड्यात होतं. चोवीस वर्षांचं होतं आणि सहा महिन्यांचं गरोदर होतं.

मंदाचा नवरा दामू ट्रकवर होता. वडप्याच्या नाक्यावर उभ्या ट्रकखाली जॅक लावताना तो गेला, तेव्हा मंदाला पाचवा महिना. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून ती शहापूरकडे आईच्या घरी गेली आणि मुलगी तिथेच झाली. दापोड्यातल्या कुणी ती पाहिली नाही. तीन महिन्यांनी सासू आली आणि तिच्यासोबत मोठी जाऊ चंद्रा. चंद्राचा नवरा बाळाराम रेल्वेत होता, इगतपुरीला क्वार्टर. लग्नाला बारा वर्षं होऊन गेली होती आणि घरात पाळणा नव्हता.

सासू म्हणाली, "तू एकवीस वर्सांची. दुसरं लगीन होईल तुझं. कडेवर पोर बघून कोन करील? चंद्राच्या ओटीत घाल. पोरगी घरातच ऱ्हाईल, आपल्याच नावाची."

 चंद्रानं नुसता पदर पसरला आणि तो पदर थरथरत होता. मंदाला आठवतं ते एवढंच. पदर थरथरत होता म्हणून तिनं घाईनं मुलगी त्यात ठेवली, नाहीतर ती पडेल असं वाटलं.

मुलीचं नाव नव्हतं ठेवलं. तीन महिने मंदा तिला नुसती "बाय" म्हणायची. संघरत्ना हे नाव बाळारामनं ठेवलं, इगतपुरीला.

दापोड्यात सांगितलं गेलं, मंदाचं लेकरू गेलं. बायका समजूत काढायला आल्या. मंदा त्यांच्या गळ्यात पडून रडली. बातमी खोटी होती, पण अंगावरचं दूध अजून आटलं नव्हतं. दुसरं लग्न जमलं नाही. दोनदा ठरता ठरता मोडलं, मग कुणी विचारायला आलं नाही. तिनं भिवंडीत तलावाकडच्या चाळीत खोली घेतली आणि दवाखान्यांतून आयाची कामं धरली.

संघरत्ना चौदा वर्षांची असताना बाळाराम रिटायर होऊन गावी परतला. चंद्रानं दारात उभं राहून ओळख करून दिली, "ही तुझी मंदाकाकू."

"जयभीम काकू," पोरगी म्हणाली आणि फ्रॉक सावरत आत पळाली.

रविवारी मंदा रिक्षानं दापोड्याला गेली. घराच्या तिन्ही बाजूंना आता गोडाऊनच्या भिंती होत्या. मधल्या अंगणात चंद्रा सुपात सुकट निवडत बसली होती. बाळाराम जाऊन दोन वर्षं झाली, तेव्हापासून ती जरा वाकली होती.

"आलीस? अशी अवचित?"

"रत्ना कुठाय?"

"म्हायेरपणाला आलीय, आत झोपलीय. डोकं धरलंय तिचं. हळू बोल."

मंदानं आतल्या दाराकडे बघितलं. "कधीपास्नं डोकं?"

"अगं, पोटुशी बाईचं डोकं न्हाय दुखनार तर काय रेड्याचं दुखंल? बस. च्या टाकते."

"चहा नको. जाऊबाय, ऐक. माझं सोनोग्राफीत निघालंय. दोन्ही किडन्यांत गाठी. माझ्या आईला होतं तेच. आईकडून येतं ते." ती थांबली. "आणि पुढं पोराबाळांत जातं."

चंद्राचे हात सुपात थांबले. मग पुन्हा चालू लागले. एक काटा उचलला, बाजूला टाकला.

"तुला पोरंबाळं हायेत कुठं?"

"चंद्रा."

चोवीस वर्षांत मंदानं मोठ्या जावेला नावानं हाक मारली नव्हती. चंद्रानं मान वर केली.

"म्हंजे आजाराच्या नावानं पोर परत मागायला आलीस."

"मागायला न्हाय. तपासायला."

"आनि निघालं तर? ती काय खुळी हाय? इचारंल, आयेला न्हाय, बापाला नव्हतं, मंग माला कुठनं? काय सांगू?"

"सांगावं लागंल."

"काकूकडून आलं म्हनावं."

"काकूकडून येत नाही, जाऊबाय."

रस्त्यावरून कंटेनर गेला आणि पत्रे हादरले.  मग चंद्रा फार हळू म्हणाली, "हे गेले. आता माज्याकडं ती एकच हाय."

"माझ्याकडं कोण हाय?"

 चंद्रा सुकट निवडत राहिली, निवडलेलीच पुन्हा निवडत राहिली.

"न्हाय तपासलं तर काय व्हईल?"

"असलं आणि कळलं नाही, तर बाळंतपणात ब्लडप्रेशर चढतं. आईचं नि बाळाचं, दोघांचं भ्या. कळलं तर गोळी असते, डॉक्टर लक्ष ठेवतो. मी रोज बघते जाऊबाय, वेळेवर आलेले नि उशिरा आलेले."

चंद्रानं सूप खाली ठेवलं. "घेऊन येते. तुझ्या वळखीनं बाळाची सोनोग्राफी फुकट होतीय, आसं सांगीन तिला. पन ऐक. निघालं तर मी सांगीन. माज्या तोंडानं, माज्या घरात. आनि न्हाय निघालं तर..."

"तर काय?"

"तर तुझ्या तोंडातून शबुद न्हाय. मी मेल्यावर पन न्हाय. पोरीच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घे."

"तिची शपथ नको. चोवीस वर्सं काय शपथेवर राहिले का मी?"

 चंद्रा उठली आणि नको म्हटलेला चहा टाकायला आत गेली.

दुसऱ्या दिवशी पेशंट यायच्या आधी मावशी डॉक्टरांच्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं.

"साहेब, बुधवारी माझी पुतणी येतेय. सहावा महिना. बाळ बघाल तेव्हा तिच्या किडन्या पण बघा. तिला न कळता."

"पुतणी? म्हणजे नवऱ्याच्या भावाची मुलगी? मावशी, तुमचा आजार तुमच्या माहेरचा. तिला कसा येईल?"

मावशीनं टेबलावरचा रुमाल उचलला, घडी केली, मोडली, पुन्हा केली.

"माझी आहे ती."

"तुम्ही तर म्हणालात, गेलं."

"इतकी वर्सं लोकांना तेच सांगितलं. आता ते आपोआप तोंडातून येतं."

डॉक्टरांनी चष्मा काढला.  "तिला माहीत नाही?"

"नाही."

"न सांगता असं तपासणं बरोबर नाही, मावशी."

"निघालं तर सांगणार आहोत. नाही निघालं तर कशाला तिच्या दोन आया करायच्या? बाळंतपणाच्या तोंडावर?"

त्यांनी चष्मा पुन्हा चढवला. मग म्हणाले, "पोटाची तपासणी करताना किडनी बघतोच आम्ही. तिला सांगून बघीन. का बघतोय, ते विचारलं तर मी खोटं बोलणार नाही."

बुधवारी संघरत्ना आली ती जिना चढतानाच बडबडत. "काकू! काय हा जिना! पोटुशा बायकांना इथं बोलावता की डोंगर चढायला लावता?" मागून चंद्रा आली, कठड्याला धरून, पांढरी पडलेली.

"तुला पाणी पाजू का, काकू?" रत्ना बाकावर बसत म्हणाली. "तू सगळ्यांना पाजतेस म्हणे."

"आज पेशंट तू आहेस. आणि सहाव्या महिन्यात पाणी भरायची गरज नसते, बाळाचंच पाणी असतं."

"बघ आई, काकू डॉक्टर झाली!"

चंद्रा हसली नाही. आत जायची वेळ आली तेव्हा म्हणाली, "मी हितंच बसते. माला त्या अंधाराचं भ्या वाटतं." आणि मंदाचा दंड तिनं इतक्या जोरात दाबला की संध्याकाळपर्यंत तिथं बोटं उमटलेली होती.

आत गेल्यावर डॉक्टर बोलत होते. मावशीनं रत्नाच्या उशाशी उभं राहून त्यांच्या आवाजावर कान लावले.

"हे बघ डोकं. हा पाठीचा कणा. हृदय बघ कसं पळतंय, नाशिक हायवेला लागल्यासारखं. नवरा कुठं असतो कामाला?"

"वडप्याला, गोडाऊनमध्ये सुपरवायझर. नागसेन नाव. डॉक्टर, लाथ मारतंय बघा, दिसतंय का?"

"दिसतंय. क्रिकेट नाही, फुटबॉल खेळणार हे." मग त्याच सुरात, "डोकं दुखतं म्हणे तुझं? किडन्यापण बघून घेतो तुझ्या."

"बघा की. आलेच आहे तर सगळं बघा."

प्रोब उजव्या कुशीकडे गेला. डॉक्टर म्हणाले, "पावसाळ्याआधी वडप्याचा रस्ता करणार होते, त्याचं..." आणि थांबले.

मावशीनं टेबलाची कड धरली.

"उजवी जरा मोठी आहे," डॉक्टर म्हणाले. "फुगलेली."

त्या एका क्षणात भीती आली. भीतीच्या बरोबर आणखी काहीतरी आलं. उद्या चंद्रा हिला समोर बसवून सांगेल. ही पोरगी दापोड्याहून रिक्षा करून येईल आणि या जिन्यावरून हाक मारेल, काकू म्हणून नाही. दोन्हींतलं आधी काय आलं, हे मावशीला नंतर कितीही आठवून ठरवता आलं नाही. आणि ते ठरवता आलं नाही, याचीच तिला सगळ्यात जास्त लाज वाटली.

"डाव्या कुशीवर वळ ग," डॉक्टर म्हणाले. "हळू. हां. आता थांब."

ते बराच वेळ बघत होते. नवं मशीन कुरकुरत होतं.

"गर्भ वाढला की लघवीची नळी दाबतो," ते म्हणाले. बोलत होते रत्नाशी, बघत होते मावशीकडे. "उजवीकडची जास्त. म्हणून पोटुशा बायकांची उजवी किडनी थोडी फुगलेली दिसते. पुष्कळ जणींची. बाळंतपण झालं की उतरते. डावी एकदम व्यवस्थित. आणि गाठ एकही नाही. दोन्हीकडे एकही नाही."

"मग डोकं का दुखतं?"

"ब्लडप्रेशर आत्ताच मोजलं, चांगलं आहे. रक्त कमी वाटतं मला. रिपोर्ट काढ, गोळ्या घे. आणि टीव्ही कमी बघ."

"ते आईला सांगा. सिरियल तिच्या, डोकं माझं."

मावशीनं तिच्या पोटावरचं जेल पुसलं. दोन्ही बाजूंनी, कमरेपर्यंत, कपड्याची घडी बदलून पुन्हा एकदा.

"काकू, पुसून पुसून चामडं काढशील."

"झालं. उठ."

रत्ना बाहेर गेली तेव्हा डॉक्टर हळूच म्हणाले, "या वयात असत्या तर दिसल्या असत्या, मावशी. तिशी उलटल्यावर एकदा बघून घेऊ, खात्रीसाठी. पण मला काळजी वाटत नाही. सुटली ती."

"हो, साहेब," मावशी म्हणाली. "सुटली."

बाहेर चंद्रा उभीच होती. रत्ना काउंटरवर भाविकाशी गप्पा मारत होती. मंदानं मान हलवली, नाही म्हणून.  चंद्रा बाकावर बसली आणि पदर तोंडात कोंबला. मग मंदाचा हात हातात घेतला.

"न्हाय ना? एक पन न्हाय?"

"एक पण न्हाय."

"तुझे उपकार..." चंद्रा म्हणाली. हात तिनं सोडला नाही.

"तीस वर्सांची झाली की एकदा आण, डॉक्टर म्हणतात."

"आनीन. तू आठवन कर." मग खालच्या आवाजात, "मंदा, आपलं ठरलंय ते."

"ठरलंय."

रत्ना आली. "काय गुलुगुलू चाललंय? अग काकू, विसरलेच. आई म्हणत होती, तुझ्या किडनीत काहीतरी निघालं."

मंदानं चंद्राकडे बघितलं. चंद्रा जिन्याकडे बघत होती.

"मोठी झालीय जरा," मंदा म्हणाली.

"कशानं?"

इतक्या वर्षांत ऐकलेली सगळी कारणं एकामागोमाग एक मंदाच्या डोक्यातून गेली. तिनं त्यातलं सगळ्यात साधं उचललं.

"खडा आहे. मूतखडा."

"बस्स? मग घाबरलीस काय एवढी? आमच्या सासूचा पडला की पानफुटीच्या पाल्यानं! दारात हाय आमच्या. रोज सकाळी अनशापोटी दोन पानं. आंबट लागतात, पण चावून खायची, पाण्याबरोबर गिळायची न्हाय. नागसेनच्या हाती पाठवून देते. आणि खाल्ली नाहीस ना, तर मी येऊन नाक दाबून खायला लावीन."

"बरं."

"बरं नको म्हणू. खाणार म्हण."

"खाणार."

चंद्रा जिना उतरायला लागली होती. रत्ना तिच्यामागे गेली. खालून तिचा आवाज वरपर्यंत येत होता, रिक्षावाल्याशी हुज्जत घालताना, "भैया, पेट में बच्चा है, गड्ढा देखके चलाना." मग रिक्षा सुरू झाली आणि मागच्या लूमच्या आवाजात तो आवाज मिसळला.

चार दिवसांनी नागसेन गोडाऊनची गाडी घेऊन भिवंडीला आला होता, तेव्हा वर्तमानपत्रात गुंडाळलेली पुडी देऊन गेला. वीसेक जाड हिरवी पानं, कडांना खाचा असलेली. मावशीनं ती डॉक्टरांना दाखवली.

"हे अजिबात खायचं नाही," डॉक्टर म्हणाले. "खड्याचंही मला माहीत नाही. तुमच्या किडनीला तर असला कुठलाच झाडपाला नको. टाकून द्या."

"टाकते," मावशी म्हणाली.

खोलीवर नेऊन तिनं ती ताटलीत खिडकीपाशी ठेवली. सकाळी उठली की ब्लडप्रेशरची गोळी घ्यायची आणि ताटलीतली दोन पानं उचलून बाजूला ठेवायची. मोजून दोन. शिळी वाटली तरी फेकली नाहीत. दहाव्या दिवशी पानं संपली. बाजूच्या ढिगातल्या पहिल्या पानांच्या खाचांतून केसासारखी पांढरी मुळं बाहेर आली होती. त्याचं काय करावं हे तिला कळेना, म्हणून तिनं त्यावर थोडं पाणी शिंपडलं आणि कामावर गेली.

दुपारी बाक भरलेला असताना भाविका काउंटरवरून ओरडली, "मावशी, फोन! तुमचा!"

"माझा? भलताच कुणीतरी असंल."

"मंदाकाकू आहे का विचारतायत. दोन वर्षं मी इथं आहे, तुम्हाला पहिला फोन. घ्या लवकर, लाइन मोकळी ठेवायची असते."

मावशीनं हातातला जग खाली ठेवला, हात पदराला पुसले आणि रिसीव्हर कानाला लावला.

"काकू? खातेस ना?"

"खाते."

"रोज?"

"रोज. दोन."

"चावून?"

"चावून."

"आंबट लागतात ना?"

मावशी थांबली. तिला माहीत नव्हतं. "लागतात की," ती म्हणाली.

"संपली असतील आता. अजून पाठवू?"

बाकावरचा एक पेशंट दोन्ही पाय एकमेकांत अडकवून उभा राहिला होता आणि तिला खुणा करत होता, की आता नाही धरवत. मावशीनं त्याला हातानंच थांबायला सांगितलं.

"पाठव," ती म्हणाली.